चार नंबरचा नॉब

मधू,

तुझ्या तेराव्याला मी आलो होतो, पण जेवलो नाही. सुनंदावहिनींनी आग्रह करून पानावर बसवलं. शेजारी तुझ्या शाळेतले दोघे होते. एक दुसऱ्याला म्हणाला, "हे गजाननराव. मधूचे जिवलग. ऑर्केस्ट्राचा साउंड हेच सांभाळायचे." दुसऱ्याने मला हात जोडले. मी पोटाचं निमित्त सांगून उठलो आणि मोरीत जाऊन उगाच हात धूत राहिलो. मागे कोणीतरी म्हणालं, गजाला फार लागलंय रे. लागलं होतंच. पण त्यांना वाटत होतं तसं नाही.

तुझ्याशी बोलायला मला सात वर्षं मिळाली होती. ती मी तुझ्याबरोबर चहा पिण्यात घालवली. आता तू नाहीस तर कागद घेऊन बसलोय.

तू पहिल्यांदा दुकानात आलास तो दिवस मला लख्ख आठवतो. भिवंडीत धामणकर नाक्यावर मी नुकतंच रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तू शाळेतली कारकुनी आटपून तसाच आला होतास, खिशाला शाईचा डाग, आणि काखेत चादरीत गुंडाळलेलं ते लांबलचक वाद्य. तसलं काही मी जवळून पाहिलं नव्हतं. मी विचारलं, "गिटारला सहा तारा असतात ना? ह्याला चारच?"

"दोन तुटल्या," तू म्हणालास. चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मी शेजारच्या दुकानात जाड तार मिळते का बघायला निघालो तेव्हा कुठे तू हसलास. "अहो, बेस आहे हा. चारच असतात. ह्याच्या पोटातली वायर तुटलीय, तेवढी जोडा."

मी वायर जोडली. आणि त्या दिवसापासून आपण दोघं एकाच गोष्टीच्या मागे लागलो: ह्या चार तारांचा आवाज चांगला कसा निघेल. तुझ्याकडे कलकत्त्याला बनलेला, कोणीतरी वापरून टाकलेला बेस. माझ्याकडे घरी जोडलेला अँप्लिफायर. आवाज कसला, भरलेल्या पिंपावर बुक्की मारावी तसा ढब्ब ढब्ब. तू म्हणायचास, "गजा, हा आवाज नाही, हा धक्का आहे. मला सूर ऐकू आला पाहिजे. खालचा सा आणि त्याच्या शेजारचा रे वेगळे कळले पाहिजेत."

पंधरा इंची स्पीकर आणला. प्लायवूडचं खोकं मी स्वतः ठोकलं. तरी घुमायचं. मग मला कोणीतरी सांगितलं की आत कापूस भरला की घुमणं मरतं. भिवंडीत कापसाला काय तोटा! मागच्या गल्लीतल्या लूमच्या शेडमध्ये आपण दोघं पोतं घेऊन गेलो. तिथला मास्टर मालेगावचा, सलीमभाई. तो म्हणाला, "वेस्ट चाहिए? ले जाओ. क्या बनाओगे, रजाई?" तू म्हणालास, "नहीं भाई, आवाज़ के लिए गद्दी." सलीमभाई माझ्याकडे बघत राहिला, की हा माणूस बरा आहे ना. खोकं भरलं, झाकण बसवलं, तू खालची तार छेडलीस. इतका गोल आवाज त्या खोक्यातून येईल असं मला वाटलं नव्हतं.

तरीही गुणगुण होतीच. दिवसा लूम चालू असले की व्होल्टेज बसायचं, अँप्लिफायर रडायचा. शुक्रवारी लूमना सुट्टी, म्हणून आपण शुक्रवारी संध्याकाळी आवाज तपासायचो. तुझ्या घरामागे खड्डा खणून कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली, नवं अर्थिंग केलं. वहिनी खिडकीतून म्हणाल्या, "कोणाला पुरताय?" आणि तारांचं प्रकरण तर विसरणंच शक्य नाही. जुन्या तारा उकळल्या की त्यांच्यातला मळ निघतो आणि त्या पुन्हा बोलतात, हे तू कुठून तरी ऐकून आलास आणि वहिनींच्या भाताच्या पातेल्यात चारही तारा उकळल्यास. "भाताच्या पातेल्यात तारा? उद्या आमटीत स्पीकर सोडा!" पण तारा खरंच बोलायला लागल्या, मधू. दोन दिवस तू वहिनींना सारखं ऐकवत होतास, "ऐक, ऐक, कशी स्वच्छ वाजतेय." त्या पातेल्याला चिंच लावून घासत होत्या.

आपला वाद मात्र कधी मिटला नाही. मी म्हणायचो, आवाज स्पीकरमध्ये असतो, वायरीत असतो, खोक्यात असतो. तू म्हणायचास, आवाज बोटात असतो. "तू माझं सगळं सामान घे आणि वाजव. पिंपच वाजेल." तू मला दाखवायचास, बोट बेसच्या मानेजवळ ठेवलं की आवाज कसा मऊ होतो, मागे घोडीजवळ नेलं की कसा कडक होतो, तारेखाली स्पंजाचा तुकडा सरकवला की सुराची शेपटी कशी तुटते. "हे सगळं तुझ्या स्पीकरने ठरवलं का?" मी हरत नव्हतो, तूही हरत नव्हतास. त्या वादाचा शेवट असा होईल असं मात्र दोघांनाही माहीत नव्हतं.

हरीशेठने ऑर्केस्ट्रा काढला तो तुझ्यामुळेच. काल्हेरचा खाडीकाठचा माणूस, घरची शेती, आवाज चांगला पण स्टेजवर पाय लटपटायचे. तू त्याच्या मागे उभा राहून सूर धरायचास. तो सटकला की तू खालून असा काही आधार द्यायचास की लोकांना कळायचंही नाही. हे तो स्वतः सांगायचा, चार माणसांत. पहिली सात-आठ वर्षं आपण गणपतीत, साखरपुड्यात, शाळेच्या मैदानात किती ठिकाणी वाजवलं. अंबाडीचा तो कार्यक्रम आठवतो? ओली जमीन, लाकडी स्टेज, दिवस अजून मावळला नव्हता. सगळं इतकं जुळून आलं होतं की मी सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायचा मिक्सर सोडून मैदानाच्या टोकाला गेलो, तिथून कसं ऐकू येतं बघायला. एक म्हातारी पायरीवर बसली होती. छातीवर हात ठेवून मला म्हणाली, "काय वाजतंय रं ह्ये? कानात न्हाय, माज्या प्वाटात वाजतंय." मी तुला सांगितलं तर तू आठवडाभर ते वाक्य घोळवत होतास. शाळेत पगारपत्रकं लिहिता लिहिता म्हणे हसायचास.

मग नव्वदच्या सुमाराला हरीशेठच्या भाच्याने कीबोर्ड आणला. नितीन पोरगा चांगला होता, त्याला दोष नाही. त्या कीबोर्डात ढोलकी होती, तबला होता, व्हायोलिनं होती, आणि डाव्या हाताला बेस होता. एक पट्टी दाबली की आपोआप वाजायचा. न थकता, न चुकता, अगदी कॅसेटसारखा.

काल्हेरला शाळेच्या पटांगणात दुपारी साउंड तपासत होतो. तू अजून पोचायचा होतास. हरीशेठ माझ्याजवळ आला.

"गजा, मधूचा बेस आन नितीनचा बेस येकावर येक बसतोय. नुसता घूं घूं घुमतंय. येक बंद कर."

"कोणाचा?"

"कोनाचा काय इचारतंस? कीबोर्ड कशापायी आनलाय? लोकांना कॅसेटसारखा आवाज पायजे आता."

"मग मधूला सांगा तसं."

तो जमिनीकडे बघत राहिला. "मला न्हाय जमनार. मधूनं मला स्टेजवर उभा केलाय. त्येला कुटल्या तोंडानं सांगू? तू असं कर, त्येची वायर मिक्सरवर खाली ठेव. त्येच्या खोक्यातनं त्येला त्येचा आवाज येतोच. तो वाजवील, खूश ऱ्हाईल. त्येला काय कळतंय?"

माझ्या मिक्सरवर चार नंबरचा नॉब तुझा होता. वर पांढऱ्या पट्टीवर मीच पेनने 'मधू' लिहिलं होतं. त्या संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला आणि दुसऱ्या गाण्याला मी तो नॉब शून्यावर आणला. तुझा आवाज आता फक्त तुझ्या मागच्या खोक्यात होता, लोकांकडच्या स्पीकरमध्ये जात नव्हता.

हरीशेठचे कार्यक्रम सुटले असते तर माझं भाड्याने द्यायचं साउंडचं सामान वर्षातले सहा महिने गोदामात पडून राहिलं असतं, हे खरं आहे. पण ते पुरतं खरं नाही. खरं सांगायचं तर नॉब बंद केल्यावर आवाज स्वच्छ झाला आणि मला बरं वाटलं. गुणगुण नाही, घुमणं नाही, काही सांभाळायचं नाही. दहा वर्षं आपण ज्याच्या मागे होतो ते एका पट्टीवर बोट ठेवून मिळत होतं. मला ते आवडलं, मधू. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर एक माणूस स्टेजजवळ येऊन तुला म्हणाला, "दादा, काय बेस लागला आज! छातीत धडधडत होतं." तू उड्या मारत माझ्याकडे आलास. "ऐकलंस? स्पंज बदलला ना मी, त्याचा परिणाम." आणि मी म्हणालो, "हो, जाणवलं मला."

ते माझं पहिलं खोटं. पुढची सोपी गेली.

दोन मोसम मी हे केलं. तू साउंड तपासताना लांब वायर लावून, वाजवत वाजवत मैदानात यायचास, समोरून आवाज कसा जातोय ते ऐकायला. तू स्टेजवरून उतरलास की मी नॉब वर न्यायचो. तू मान हलवायचास, अंगठा दाखवायचास, परत वर चढायचास. मग मी नॉब खाली आणायचो. हे माझ्या हाताने केलंय. हरीशेठने मला हे सांगितलेलं नव्हतं.

आणि मग एका रविवारी सकाळी तू दुकानात आलास, हातात कॅसेट. काल्हेरच्या कुणीतरी पहिल्या रांगेत बसून टेपरेकॉर्डरवर भरलेली.

"गजा, हे लाव जरा."

मी लावली. हरीशेठचा आवाज, टाळ्या, नितीनचा ठोका.

"मी कुठे आहे?" तू विचारलंस.

मी मान खाली घालून डेकचं झाकण पुसत होतो. म्हणालो, "लहान माईक असतो ह्याचा. बेस पकडत नाही."

"कीबोर्डचा बेस पकडलाय की."

"तो टोकदार असतो ना. तो जातो पुढे."

तू कॅसेट संपेपर्यंत उभा राहिलास. मग म्हणालास, "म्हणजे माझा बोथट आहे."

मी तेव्हा नाही म्हणायला हवं होतं. मी टेप बंद केला आणि चहा सांगितला.

त्यानंतर तू काय काय केलंस ते मी रोज बघत होतो. गुळगुळीत तारा काढून खरखरीत पीळदार तारा लावल्यास, त्यांनी बोटं सोलली. तारांचा आवाज उचलणारा पिकअप स्क्रू पिळून तारांच्या जवळ आणलास, लांब नेलास, पुन्हा जवळ आणलास. स्पंज काढून टाकलास. तार छेडायच्या ज्या प्लास्टिकच्या पिकला तू आयुष्यभर नावं ठेवलीस, ते पिक हातात धरून वाजवायला लागलास, डोळे मिटून, कडू औषध घेतल्यासारखा. मला विचारायचास, "आज?" मी म्हणायचो, "थोडा फरक आहे." आवाजात दोष काढायला माणूस आपलं सगळं वाद्य उलगडून बसला होता, आणि दोष माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांत होता. एकदा तर तू मला खोकं उघडायला लावलंस. मी कापूस काढला, स्पीकरचा कागद तपासला, आणि म्हणालो, "कागद जुना झालाय." नवीन बसवूनही दिला. इतकं मन लावून काम केलं की मलाच क्षणभर ते खरं वाटलं.

सगळं सामान बदलून झालं, तेव्हा उरली ती बोटं. आवाज बोटात असतो, हे तुझंच म्हणणं ना. मी ते दहा वर्षं खोडत होतो, आणि नेमका त्याच वेळी खोडलं नाही.

तू शाळेतून आलास, काउंटरवर दोन्ही हात ठेवलेस, आणि म्हणालास, "गजा, बोटांत जोर राहिला नाही. आवाज पुढे जात नाही माझा. हरीशेठ भिडेपोटी बोलत नाहीये, मला कळतं. मीच थांबतो."

तू तेव्हा चाळिशीही गाठली नव्हतीस. मी तुझ्या बोटांकडे पाहिलं. आणि म्हणालो, "वय कुणाला चुकलंय?"

नॉब फिरवला ते मी एक वेळ हरीशेठच्या माथी मारीन. हे वाक्य माझं आहे. ते मला कुणी सांगायला लावलं नव्हतं.

हरीशेठने तुला शाल-श्रीफळ दिलं, डोळे पुसले. त्याचे डोळे खरे होते की नाही मला माहीत नाही. पुढे जमिनी गोदामांना गेल्या, त्याला ऑर्केस्ट्राची गरज राहिली नाही, तोही बंद झाला. तू मात्र पुढची सात वर्षं दुकानात येत राहिलास. कधी मी तुझ्या घरी. वहिनींच्या हातचा चहा, रूपालीची शाळा, मग तिचं कॉलेज. आणि मध्येच तू म्हणायचास, "तेव्हा नक्की काय झालं असेल रे? प्रीअँप तर गेला नव्हता?" वर्षामागून वर्षं तू तो बिघाड शोधत होतास. मी दर वेळी एखादा नवा बिघाड काढून द्यायचो.

गेल्या दिवाळीत तू म्हणालास, "मिक्सरवर तू होतास म्हणून बरं. दुसरा कोणी असता तर मला वाटलं असतं, मुद्दाम खाली ठेवतोय."

तू हे साधेपणाने म्हणालास की मला एक दार उघडून दिलंस, ते मला आजही ठरवता येत नाही. तू करंजी मोडत होतास, माझ्याकडे बघत नव्हतास. मी हसलो. तूही हसलास. तुला कळलं होतं का, मधू? कळूनही तू माझ्याबरोबर चहा पीत राहिलास का? आता मला हे कोण सांगणार?

तेराव्यानंतर चार दिवसांनी वहिनींनी निरोप पाठवला. खोकं आणि अँप्लिफायर घरात अडचण करतायत, तुम्हाला उपयोगी पडले तर न्या. मी गेलो. रूपाली खोक्यावरचं कापड झटकत होती. तिने विचारलं, "काका, बाबा खरंच कसे वाजवायचे? ते म्हणायचे, मी आपला मध्यम होतो. आवाज जात नव्हता म्हणून सोडलं."

मी खाली जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. हरीशेठचं, नॉबचं, लांब वायरीचं, कॅसेटचं, काउंटरवरच्या त्या वाक्याचं. काही गाळलं नाही. रूपाली कापड हातात घेऊन उभी होती. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

मग रूपाली म्हणाली, "बाबा रोज सकाळी तुरटीच्या पाण्यात बोटं बुडवून बसायचे. आणि रबरी चेंडू दाबायचे, शंभर वेळा. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, जोर परत आला तर बघू." तिने कापड खोक्यावर टाकलं. "ज्या दिवशी गेले त्या सकाळीसुद्धा."

मला हे माहीत नव्हतं. त्यानंतरही सात वर्षं तुझ्या घरी येत होतो, मला हे माहीत नव्हतं.

वहिनी रडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "गजाननभाऊ, सामान राहू दे. तुम्ही जा आता." मग मी चप्पल घालत असताना पुन्हा म्हणाल्या, "उद्या सकाळी या. दहाला ह्यांचा भाऊ येणार आहे, सासूबाई येणार आहेत. त्या सगळ्यांसमोर हेच सांगा. अगदी असंच. ह्या घरात सगळे ह्यांना मध्यम समजत आलेत."

आता सकाळचे साडेआठ वाजलेत. दुकान उघडलेलं नाही. मी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून हे लिहायला बसलो होतो. तुझी आई ऐंशीच्या पुढची, तिला कमी ऐकू येतं. तिला मोठ्याने सांगावं लागेल.

निघतो.